गाडी आदळते? आधी फोनने मोजा, मग शॉकअपला हात लावा

वाळूच्या टेकडीवरून उडी मारून अलगद खाली उतरणारी, लोखंडी पाइपांच्या पिंजऱ्यासारखी चार चाकी गाडी तुम्ही रीलमध्ये नक्की पाहिली असेल. तिला साइड-बाय-साइड म्हणतात. हिंगोली जिल्ह्यात ती शोधून सापडणार नाही. पण ती ज्या रस्त्यांसाठी बनली, ते रस्ते मात्र आपल्याकडे भरपूर आहेत. सेनगाव, कळमनुरी, औंढ्याकडची कुठलीही पाणंद घ्या. पावसाळ्यात काळ्या चिकण मातीत चाकोऱ्या पडतात आणि उन्हाळ्यात त्याच चाकोऱ्या दगडासारख्या कडक होतात. तिथून हळदीची ट्रॉली घेऊन ट्रॅक्टर गेला की ड्रायव्हरच्या कंबरेचं काय होतं, हे घरातल्या माणसांना विचारायची गरज नाही.

या लेखात आपण साइड-बाय-साइडचे दणके कमी कसे करतात ते पायरी-पायरीने बघू. ही गाडी उदाहरणाला घ्यायचं कारण सोपं आहे: तिच्यात सस्पेंशनचा प्रत्येक भाग उघडा दिसतो आणि बराचसा हाताने फिरवता येतो. एकदा तिचं गणित कळलं की तुमची बाइक, बोलेरो आणि ट्रॅक्टर यांचंही कळतं. आणि बहुतेक वेळा पहिला फरक फुकटात पडतो.

साइड-बाय-साइड म्हणजे नेमकी कोणती गाडी?

एटीव्हीवर बाइकसारखं टांग टाकून बसायचं असतं आणि हातात हँडल असतं. साइड-बाय-साइडमध्ये दोन माणसं शेजारी-शेजारी सीटवर बसतात. स्टिअरिंग, पट्टा आणि डोक्यावर पाइपांचा पिंजरा असतो. पोलारिसची रेंजर आणि आरझेडआर, कॅन-ॲमची मॅव्हरिक, यामाहाची रायनो ही त्यातली गाजलेली नावं. महागड्या स्पोर्ट मॉडेलमध्ये चाकाला वर-खाली व्हायला २० इंचांहून जास्त जागा असते.

भारतात अशा गाड्या मुख्यतः पर्यटनस्थळी, बंद ट्रॅकवर दिसतात, कारण त्यांना सहसा रस्त्यावर चालवायचं पासिंग मिळत नाही. त्यांच्या जवळ जाणारा एक देशी प्रयोग मात्र झाला होता. आयशर आणि पोलारिस यांनी मिळून २०१५ मध्ये ‘मल्टिक्स’ नावाची छोटी डिझेल गाडी आणली. ती जयपूरजवळ बनायची आणि खराब रस्त्यांसाठी तिच्या चारही चाकांना स्वतंत्र सस्पेंशन दिलं होतं. २०१८ मध्ये ती बंद झाली. गाडी गेली, पण तिच्यामागचा प्रश्न राहिला: खराब रस्त्यावर माणसाला कमी त्रास कसा होईल?

दणका बसतो म्हणजे काय होतं?

इथे एक आकडा लक्षात ठेवा: सेकंदाला ४ ते ८ वेळा. उभ्या दिशेच्या या वेगाच्या हादऱ्यांना बसलेलं माणसाचं शरीर सगळ्यात जास्त संवेदनशील असतं. याहून संथ हेलकावा झोपाळ्यासारखा वाटतो. याहून बराच जलद असेल तर नुसती झिणझिण जाणवते. पण ४ ते ८ च्या पट्ट्यात पोट, छाती आणि मणका यांना नेमका मार बसतो.

आता पाणंदीचं गणित करू. समजा रस्त्यावर दर एक मीटरला एक उंचवटा आहे. ताशी २० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण ५.६ मीटर. म्हणजे सेकंदाला ५.६ दणके, अगदी त्या नकोशा पट्ट्याच्या मधोमध. रस्ता तोच, गाडी तीच, पण वेग थोडा बदलला की त्रास एकदम कमी किंवा जास्त का होतो, त्याचं उत्तर हेच.

हा फक्त आरामाचा प्रश्न नाही. युरोपियन युनियनने २००२ च्या एका निर्देशात कामगारांच्या अंगाला बसणाऱ्या हादऱ्यांवर मर्यादाच घातली. आठ तासांच्या कामाला सरासरी ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग झाले की मालकाने उपाय करायचे आणि १.१५ च्या वर कामगाराला जाऊ द्यायचं नाही. ट्रॅक्टर चालवणाऱ्यांचं कंबरदुखीचं गाऱ्हाणं जगभर सारखंच आहे.

दुधाळ्याची लायगो आणि तुमची गाडी

याच जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याजवळ लायगो-इंडिया उभी राहते आहे. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. अंतराळातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी पकडणारी ही वेधशाळा आहे. तिच्या प्रत्येकी ४ किलोमीटरच्या दोन भुजांच्या टोकांना आरसे असतात. हे आरसे इतके शांत राहावे लागतात की प्रोटॉनच्या रुंदीच्या हजाराव्या हिश्श्याहूनही लहान बदल टिपता यावा. पण जमीन तर सतत थरथरते. मग आरसे शांत ठेवायचे कसे?

उत्तर आहे सस्पेंशन. अमेरिकेतल्या लायगोत ४० किलोचा आरसा एकाखाली एक अशा चार लोलकांच्या साखळीत टांगलेला आहे. तत्त्व असं: टांगलेल्या किंवा स्प्रिंगवर ठेवलेल्या वस्तूला स्वतःची एक डुलण्याची गती असते. जमीन त्याहून बऱ्याच जलद गतीने हलली, तर ते हलणं वस्तूपर्यंत पोचत नाही. म्हणजे स्वतःचं डुलणं जितकं संथ, तितकी वरची वस्तू शांत.

गाडीतही हेच चालतं. फक्त आरशाच्या जागी तुम्ही बसलेले असता.

गाडीची ही गती तुम्हाला टेपने मोजता येते. गाडीच्या वजनाने स्प्रिंग किती दबली, ते बघायचं:

- २.५ सेंटिमीटर दबली, तर सेकंदाला साधारण ३.२ हेलकावे
- १० सेंटिमीटर दबली, तर साधारण १.६ हेलकावे
- २५ सेंटिमीटर दबली, तर साधारण १ हेलकावा

रस्त्याच्या दणक्यांची गती या आकड्याच्या साधारण १.४ पटीच्या पुढे गेली की मगच स्प्रिंग दणका गिळायला लागते. बरोबर त्याच गतीचे दणके आले तर उलट होतं, गाडी दणका वाढवून देते. म्हणून नुसती स्प्रिंग पुरत नाही. तिचं उसळणं आवरायला तेलाचा शॉकअप लागतो. लांब प्रवास असलेली मऊ स्प्रिंग आणि तिला योग्य लगाम, साइड-बाय-साइडचं सगळं कौशल्य या दोन गोष्टींत आहे.

आधी मोजा: फोन हेच तुमचं यंत्र

‘आता मऊ वाटतंय’ यावर विश्वास ठेवू नका. पैसे खर्च केले की सगळंच मऊ वाटतं. तुमच्या फोनमध्ये ॲक्सेलरोमीटर आहे. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठात बनलेलं ‘फायफॉक्स’ हे ॲप मोफत आहे. त्यात गुरुत्वाकर्षण वगळून त्वरण मोजायचा पर्याय निवडा.

१. फोन सीटजवळच्या पत्र्यावर, स्क्रीन वर करून आडवा ठेवा आणि टेपने घट्ट चिकटवा. खाली फोम किंवा कापड नको, नाहीतर फोमचं हलणं मोजलं जाईल.
२. साधारण २०० मीटरचा एकच तुकडा निवडा. दोन्ही टोकांना दगड ठेवा.
३. वेग, माणसं आणि सामान दरवेळी सारखं ठेवा. दोन-तीन फेऱ्या करा.
४. रेकॉर्डिंग सुरू करून मगच गाडी हलवा. चालवताना फोनला हात नको.
५. आकडे स्प्रेडशीटमध्ये उघडा आणि उभ्या दिशेच्या, म्हणजे झेड कॉलमच्या आकड्यांवर स्टँडर्ड डेव्हिएशनचं फंक्शन चालवा. येणारा आकडा म्हणजे तुमच्या दणक्यांचं माप.

दोन सूचना. हा आकडा युरोपच्या मर्यादेशी थेट ताडू नका, कारण तिथे मोजणी सीटवर होते आणि हादऱ्यांच्या गतीनुसार त्यांना कमी-जास्त वजन दिलेलं असतं. आपला आकडा फक्त ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांची तुलना करायला आहे. दुसरं, ॲपलने २०२१ मध्ये सांगितलं होतं की मोठ्या इंजिनाच्या मोटरसायकलच्या जोरदार थरथरीने आयफोनच्या कॅमेऱ्यातली स्थिरीकरणाची यंत्रणा बिघडू शकते. म्हणून चाचणीला घरातला जुना फोन वापरा. एरवीही नवा फोन हँडलवर कायम लावून फिरू नका.

पायरी १: हवा

खर्च शून्य, फरक सगळ्यात मोठा. टायर ही गाडीची पहिली स्प्रिंग. बऱ्याच साइड-बाय-साइडच्या टायरमध्ये फक्त १० ते २० पीएसआय हवा असते, कारच्या साधारण निम्मी. ‘जास्त हवा म्हणजे चांगलं मायलेज’ म्हणून कुणी ती ३० वर नेली, तर छोटा खडासुद्धा थेट मणक्यात जाणवतो.

टायर थंड असताना, स्वतःच्या गेजने मोजा. कंपनीच्या स्टिकरवरच्या आकड्यापासून सुरुवात करा आणि १-२ पीएसआयच्या पावलाने बदल करा. पण सांगितलेल्या किमान आकड्याच्या खाली जाऊ नका. हवा फार कमी झाली की टायर तापतो, दगडावर रिम वाकते आणि वळणावर टायर रिमवरून सुटू शकतो.

पायरी २: गाडीची बसलेली उंची

माणसं आणि नेहमीचं सामान घेऊन गाडी सपाट जागेवर उभी करा. चाकाला वर-खाली व्हायला जी एकूण जागा आहे, त्यातली साधारण पाव ते एक तृतीयांश आत्ताच वापरली गेलेली असावी. यामुळे चाकाला खड्ड्यात खाली जायलाही जागा राहते आणि दगडावर वर यायलाही.

ही उंची प्रीलोडच्या रिंगने बदलतात. इथे एक मोठा गैरसमज आहे. रिंग आवळली की स्प्रिंग ‘हार्ड’ होते असं मानलं जातं. साध्या स्प्रिंगचा कडकपणा रिंगने बदलत नाही, फक्त गाडी उचलली जाते. पण गाडी फार उचलली की चाकाला खाली जायला जागाच उरत नाही. मग प्रत्येक खड्ड्यात शॉकअप पूर्ण ताणून ‘टक’ असा आवाज येतो. तो दणका स्प्रिंगचा नाही, उंचीचा आहे.

पायरी ३: शॉकअपचे क्लिक

चांगल्या शॉकअपवर दोन बटणं असतात. कम्प्रेशन म्हणजे दबताना किती अडवायचं आणि रिबाउंड म्हणजे परत वर येताना किती अडवायचं.

सगळ्यात जास्त फसगत रिबाउंडमध्ये होते. रिबाउंड फार संथ असेल, तर एका उंचवट्यावर दबलेलं चाक पूर्ण खाली यायच्या आत दुसरा उंचवटा येतो. मग तिसरा. प्रत्येक वेळी सस्पेंशन थोडं आखडत जातं आणि शेवटी जागाच संपते. चालवणाऱ्याला वाटतं स्प्रिंग कडक आहे. तो आणखी मऊ स्प्रिंग टाकतो आणि गाडी आणखी आपटते. प्रत्यक्षात रिबाउंडचे दोन क्लिक सोडले असते तरी काम झालं असतं.

तपासायची सोपी रीत: गाडीचा कोपरा जोर लावून दाबा आणि सोडा. ती वर यावी, किंचित पुढे जाऊन स्थिर व्हावी. दोन-तीनदा डुलली तर रिबाउंड कमी आहे. जड दारासारखी रेंगाळत वर आली तर जास्त आहे.

बदलताना आधी बटण पूर्ण बंद करून किती क्लिक झाले ते मोजा आणि फोनच्या नोट्समध्ये लिहून ठेवा. एकावेळी एकच गोष्ट, दोनच क्लिक, मग तोच २०० मीटरचा तुकडा. दोन बटणं एकदम फिरवली तर फरक कशाने पडला हे कधीच कळणार नाही.

पायरी ४: मगच नवी स्प्रिंग

वरचं सगळं करूनही गाडी जड सामानाने तळाला आपटत असेल, किंवा एकट्याने चालवताना दगडासारखी वाटत असेल, तर स्प्रिंग वजनाशी जुळत नाही. अनेक साइड-बाय-साइडमध्ये एकावर एक दोन स्प्रिंग असतात. दोन्ही एकत्र दबतात तेव्हा जोडी प्रत्येकीपेक्षा मऊ असते. १०० आणि २०० कडकपणाच्या दोन स्प्रिंग एकावर एक ठेवल्या तर जोडीचा कडकपणा ६७ च्या आसपास येतो. ठराविक अंतरानंतर एक रिंग वरची स्प्रिंग अडवते आणि फक्त कडक स्प्रिंग उरते. छोट्या खड्ड्याला मऊ, मोठ्या उडीला कडक.

‘सगळं मऊ करून टाका’ हा उपाय इथे उलटतो. फार मऊ गाडी रबरी बंपवर धाडकन आपटते आणि तो एक दणका शंभर छोट्या दणक्यांहून वाईट असतो. मोठे, जड टायर आणि रिम टाकणं हीसुद्धा तीच चूक. चाक जितकं जड, तितकं ते रस्त्याच्या मागे धावायला उशीर करतं.

ट्रॅक्टर आणि बाइकला काय लागू पडतं?

आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरच्या मागच्या एक्सलला स्प्रिंगच नसते. टायर आणि सीट, एवढंच सस्पेंशन. टायर थोडाच दबतो, म्हणून ट्रॅक्टर सेकंदाला साधारण ३ वेळा उसळतो आणि त्याला आवरायला शॉकअप नसतो. एक मीटरच्या उंचवट्यांवर ताशी १० किलोमीटरला नेमकी हीच गती जुळते. ट्रॅक्टर ठराविक वेगाला बेडकासारखा उड्या मारायला लागतो, तो याचमुळे. तिथे एक्सलरेटर थोडा कमी करणं हाच सगळ्यात स्वस्त उपाय.

- हवा: शेतातल्या कामाला कमी, ट्रॉली ओढताना रस्त्यावर जास्त. दोन्ही आकडे पुस्तिकेत दिलेले असतात. वर्षभर एकच हवा ठेवू नका.
- टायरमधलं पाणी: पकडीसाठी पाणी भरलं की टायरमधली हवेची जागा कमी होते आणि टायर कडक होतो. नांगरटीनंतर फक्त वाहतूक असेल तर पाणी काढायचा विचार करा.
- सीट: सीटखाली वजनाचं बटण किंवा नट असेल तर ते स्वतःच्या वजनाला लावा. वडील ९० किलोचे आणि तुम्ही ५५ चे असाल तर त्यांची सेटिंग तुम्हाला दगडासारखीच लागणार. वरून जाड फोमची गादी टाकून प्रश्न सुटत नाही. साधा फोम स्वतःच सेकंदाला ४ च्या आसपास डुलतो, म्हणजे नकोशा पट्ट्यातला दणका वाढवूही शकतो.
- बाइक: बऱ्याच कम्यूटर बाइकच्या मागच्या शॉकअपला पाच टप्पे असतात. मागे माणूस किंवा पोतं असेल तर वर, एकटे असाल तर खाली. दोन्ही बाजूंचा टप्पा सारखाच हवा. शॉकअपवर तेलाचा ओघळ दिसला तर सेटिंग करण्यात अर्थ नाही, आधी तो बदला.

हे करू नका

गॅस भरलेला शॉकअप घरी उघडू नका, आत मोठा दाब असतो. फक्त मऊपणासाठी अँटी-रोल बार काढून टाकू नका, उतारावर गाडी कलंडण्याचा धोका वाढतो. आणि साइड-बाय-साइडमध्ये प्रत्येकाला सीट आणि पट्टा का असतो, तेही लक्षात घ्या. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसलेल्याला पकडायला काहीच नसतं. चाकोरीत आलेल्या एका उसळीने तो मोठ्या चाकाखाली जाऊ शकतो. कुठलाही शॉकअप यावर उपाय नाही, खाली उतरणं हाच उपाय.

थोडक्यात

क्रम लक्षात ठेवा: मोजा, हवा, उंची, क्लिक, स्प्रिंग. यातल्या पहिल्या चार गोष्टींना एक गेज, एक टेप आणि फोन एवढंच लागतं. दुकानात ‘कम्फर्ट किट’चा भाव विचारायच्या आधी या रविवारी गाडी पाणंदीवर न्या, २०० मीटर मोजा, हवा कंपनीच्या आकड्यावर आणा आणि परत मोजा. दोन आकडे शेजारी ठेवले की पुढे खर्च करायचा की नाही, हे तुम्हालाच कळेल.